कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसताना

प्रति,
माननीय परराष्ट्र मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
संचालक मंडळ, भारतीय निर्यात-आयात बँक (एक्झिम बँक), मुंबई

सविनय नमस्कार,

२५ जुलै २०१८ रोजी आपल्या पंतप्रधानांनी कंपालामध्ये युगांडाच्या संसदेपुढे भाषण केले. आफ्रिकेशी भारत कसा वागेल याची दहा तत्त्वे त्यांनी त्या दिवशी मांडली. भागीदारी तुमच्या प्राधान्यक्रमाने चालेल, असे त्यांनी सांगितले. अटी तुम्हाला सोयीच्या असतील आणि त्यांनी तुमचे भविष्य जखडले जाणार नाही, हेही सांगितले. आम्ही आमची बाजारपेठ तुमच्यासाठी खुली ठेवू, असेही त्यात होते. मला ते भाषण मनापासून आवडले होते आणि आजही आवडते. हे पत्र लिहिते आहे ते त्या शब्दांची आठवण करून देण्यासाठी, कारण कर्जाच्या कागदांत आणि आयातीच्या अधिसूचनांत मला ते सापडत नाहीत.

माझी सारी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाच्या नियमांबद्दलची ए.पी. (डीआयआर) परिपत्रके आली की ती वाचून शाखांना कळवायची, हे रोजचे काम होते. त्यांत अधूनमधून एक ठरावीक साच्याचे परिपत्रक यायचे. एक्झिम बँकेने अमुक देशाच्या सरकारला इतक्या दशलक्ष डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायचे कर्ज) दिली आहे, ती अमुक प्रकल्पासाठी आहे, करार अमुक तारखेपासून लागू. मग एक वाक्य: कराराच्या किमतीच्या किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून पुरवल्या जातील, उरलेल्या २५ टक्क्यांची खरेदी विक्रेत्याला भारताबाहेरून करता येईल. शेवटाकडे निर्यातदारासाठी सूचना असायची की या व्यवहारात एजन्सी कमिशन, म्हणजे मध्यस्थाची दलाली, देय नाही. देशाचे नाव बदलायचे, रक्कम बदलायची. बाकीचा मजकूर तोच.

या साच्यात पैसा कसा फिरतो ते बँकेबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून सांगते. कर्ज घेणाऱ्या देशाच्या तिजोरीत डॉलर जमा होत नाहीत. भारतीय कंपनी यंत्रे जहाजावर चढवते, कागदपत्रे तिच्या बँकेमार्फत एक्झिम बँकेकडे जातात आणि कंपनीला तिचे पैसे इथेच मिळतात. पैसा भारतातून निघून भारतातच राहतो. परदेशी जाते ते यंत्र, आणि त्या देशाच्या वहीत चढते ते कर्ज, तेही डॉलरमध्ये. पुढची वीस-पंचवीस वर्षे हप्ते भरायचे ते तिथल्या करदात्याने.

यात फसवणूक काही नाही. कर्ज देणारे बहुतेक देश असेच करतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने आपल्याला ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने आणि पहिली १५ वर्षे हप्ता नाही अशा अटीवर पैसे दिले, तेव्हा डबे आणि तंत्रज्ञान जपानचे असणार हे ठरलेलेच होते. आपणही तो व्यवहार डोळे उघडे ठेवून केला. पण भारत वाटाघाटीला बसतो तेव्हा आपल्या बाजूला अर्थ मंत्रालय असते, रेल्वेचे अभियंते असतात, महालेखापाल असतात, संसदेच्या समित्या असतात, प्रश्न विचारणारी वर्तमानपत्रे असतात. एखाद्या लहान देशाच्या अर्थखात्यात कर्जाचे करार वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यासमोर आपण छापील मसुदा ठेवतो तेव्हा तो बऱ्याचदा जसाच्या तसा सही होऊन परत येतो.

या कर्जांतून चांगली कामेही उभी राहिली आहेत. रवांडात न्याबारोंगो नदीवरचा २८ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आपल्या कर्जातून झाला. तांझानियात व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी टबोरा, इगुंगा, न्झेगा या कोरड्या भागापर्यंत नेण्याचे कामही आपलेच. घानात टेमा ते म्पाकादान हा रेल्वेमार्ग २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. आफ्रिकेतल्या देशांना मिळून आपण १२ अब्ज डॉलरहून अधिक सवलतीची कर्जे देऊ केली आहेत. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांत हा देश मागणाऱ्याच्या रांगेतून देणाऱ्याच्या जागी आला, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच या कर्जांचे कागदही अभिमान वाटावा असेच हवेत.

आता इथिओपियाचे पाहा. तिथल्या साखर उद्योगासाठी आपण ६४ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यातला अफार प्रदेशातला, अवाश नदीच्या खोऱ्यातला टेंडाहो कारखाना वर्षानुवर्षे रखडला. त्या खोऱ्यातली जमीन पशुपालकांच्या चराईची होती, ती उसाच्या लागवडीखाली गेली. महाराष्ट्राने रखडलेले साखर कारखाने पाहिले आहेत. गाळप लांबले की उसाचे, कामगाराचे आणि कर्जाच्या व्याजाचे काय होते हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे कारखाना रखडला तर सभासद सर्वसाधारण सभेत उभा राहून जाब विचारतो. टेंडाहोच्या परिसरातल्या माणसाने जाब कोणाला विचारायचा? कंत्राटदार भारतीय, कर्ज देणारी बँक भारतीय. करारात उशिराबद्दल कोणता दंड लिहिला होता आणि तो कोणी वसूल करायचा होता, हे त्याला कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही.

आपण कर्ज घेत होतो तेव्हा काय मागत होतो?

फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला. दहा लाख टन क्षमता, अडीच टक्के व्याज, बारा वर्षांत परतफेड. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परतफेड रुपयांत होती आणि तो रुपया पुन्हा भारतीय माल विकत घेण्यासाठी वापरला जायचा. डॉलर वर गेला म्हणून भिलाईचा हप्ता वाढला, असे झाले नाही. आपले अभियंते तिकडे जाऊन शिकून आले. काही वर्षांत भट्ट्या आपली माणसे चालवू लागली. सोव्हिएत संघाने हे केवळ प्रेमापोटी केले असे मी म्हणत नाही, त्यांचे स्वतःचे राजकारण होतेच. तरीही त्या कराराने आपल्याला कारखाना दिला आणि तो चालवण्याचे ज्ञानही दिले.

त्याच काळात दुसरा अनुभवही येत होता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचा पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखालचा गहू जहाजामागून जहाज असा, मुद्दाम हात आखडता ठेवून सोडला जात होता. व्हिएतनाम युद्धाबद्दल आपण काय बोलतो यावर वॉशिंग्टनची नजर होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी गहाण ठेवायला गेले. बँकेत काम करणाऱ्या आमच्या पिढीच्या मनावर त्या बातमीचा चरा उमटला आहे. देणाऱ्याने अट घातली की घेणाऱ्या देशाची मान कशी खाली जाते, हे भारताला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणि महाराष्ट्राला तर एन्रॉन आठवते.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे कळवले होते. तरी सही झाली. विजेची गरज असो वा नसो, ठरलेल्या क्षमतेचे पैसे मोजायचे, दर डॉलरशी बांधलेला, राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. हे कलम आहे, ते कलम आहे अशा बातम्या तुकड्यातुकड्याने बाहेर येत होत्या, कारण करार लोकांसमोर ठेवलेलाच नव्हता. १९९५ मध्ये सरकार बदलले, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, प्रकल्प परत आला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि पुढच्या वर्षी एका युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये वीजकेंद्र बंद पडले. या व्यवहाराची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी जे लिहिले त्याचा रोख एकाच कंपनीवर नव्हता, निर्णय घेणाऱ्या आपल्या संपूर्ण यंत्रणेवर होता. करार पहिल्या दिवशी उघड झाला असता तर आपल्याकडच्या वीज अभियंत्यांनी आणि अर्थतज्ज्ञांनी त्याची चिरफाड सही होण्याआधीच केली असती. ती चिरफाड पुढे झालीच, पण तोवर राज्य अडकले होते.

एन्रॉनच्या जागी भारतीय कंपनी ठेवा आणि महाराष्ट्राच्या जागी मलावी किंवा मोझांबिक. तिथली बाई वीजबिल हातात घेऊन तोच प्रश्न विचारत असेल, जो आपण दाभोळबद्दल विचारला होता. तिला उत्तर देणे हे तिच्या सरकारचे काम आहे, हे मान्य. पण कागदाची एक प्रत आपल्याकडेही आहे.

चीनचा विषय इथे येणारच. आपल्याकडे चर्चेत ‘आम्ही चीनसारखे नाही’ हे वाक्य फार लवकर येते आणि तिथेच चर्चा थांबते. चीनने काय केले ते नीट पाहू. १९७० ते १९७५ या काळात त्याने दार-एस-सलाम ते झांबियातले कापिरी म्पोशी असा १,८६० किलोमीटरचा ताझारा रेल्वेमार्ग बिनव्याजी कर्जावर बांधून दिला. पाश्चात्त्य देशांनी आणि जागतिक बँकेने नाही म्हटलेले काम होते ते. स्वतः गरीब असताना चीनने ते केले आणि आफ्रिकेतले लोक ते विसरलेले नाहीत. हंबनटोटा बंदर कर्ज थकले म्हणून चीनने बळकावले, ही आपल्याकडची आवडती गोष्टही अपुरी आहे. २०१७ मध्ये श्रीलंकेने बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्याचे १.१२ अब्ज डॉलर परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले आणि बंदराचे मूळ कर्ज डोक्यावर तसेच राहिले. अशा अर्धवट गोष्टींवर समाधान मानले की स्वतःचे कागद तपासायची गरज वाटेनाशी होते.

चिनी कर्जांत खरोखर खुपणारी गोष्ट वेगळी आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी २४ देशांशी झालेले शंभर चिनी कर्जकरार मिळवून वाचले. त्यांत गुप्ततेची कलमे होती. कर्जदाराचे उत्पन्न वेगळ्या खात्यात अडकवून ठेवण्याची तरतूद अनेक करारांत होती. केनियात मोम्बासा-नैरोबी रेल्वेचे कर्ज २०१४ चे, गाडी धावली २०१७ मध्ये आणि करारांचा काही भाग तिथल्या लोकांना बघायला मिळाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर. वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये, हे कलम त्यांना तेव्हा वाचायला मिळाले. तोवर आठ वर्षे गेली होती. हाच मार्ग पुढे युगांडाच्या सीमेपर्यंत जायचा होता, तो नैवाशाजवळ थांबला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच भागातला पहिला लोहमार्ग टाकायला इथून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. केनियाच्या रेल्वेत आपली माणसे गाडली गेलेली आहेत. तिथल्या प्रवाशाबद्दल आपल्याला आपुलकी असायला हे एक कारण पुरेसे आहे.

२०२४ मध्ये नैरोबीचा मुख्य विमानतळ एका भारतीय उद्योगसमूहाकडे तीस वर्षांसाठी सोपवण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. केनियाच्या नागरिकांना तो सरकारने सांगितला नाही, फुटलेल्या कागदांतून समाजमाध्यमांवर कळला. सप्टेंबरमध्ये विमानतळ कर्मचाऱ्यांनी संप केला, प्रवासी अडकले आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदेत तो प्रस्ताव रद्द केल्याचे जाहीर केले. तो खाजगी व्यवहार होता, भारत सरकारचे कर्ज त्यात नव्हते, असे आपण म्हणाल. ते खरेच आहे. पण नैरोबीच्या रस्त्यावर फलक घेऊन उभा असलेला माणूस ‘भारत’ एवढेच म्हणतो. आपल्या सरकारी कर्जांचे करार आधीपासून खुले असते, तर भारताशी व्यवहार म्हणजे कागद समोर ठेवून व्यवहार, अशी ओळख तोवर झाली असती आणि खाजगी कंपन्यांवरही तसेच वागण्याचा दबाव आला असता.

आता शेतमालाकडे येते. पत्राचा हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, कारण यात दोन्हीकडचे शेतकरी आहेत.

२०१५ मध्ये आपल्याकडे तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर गेली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मापुतोला गेले आणि मोझांबिकशी करार झाला. तिथून आपण घेत असलेली तूर एक लाख टनांपासून वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर नेऊ. मोझांबिकमध्ये तूर मुख्यतः निर्यातीसाठीच पिकते आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे जवळजवळ एकटा भारत. नामपुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या लहान शेतकऱ्यांनी त्या भरवशावर पेरा वाढवला. इकडे आपल्या शेतकऱ्यानेही चढ्या भावाकडे बघून तूर लावली. पाऊस चांगला झाला, पीक उदंड आले आणि २०१७ मध्ये खरेदी केंद्रांपुढे पोती घेऊन मराठवाड्यातले आणि विदर्भातले शेतकरी दिवसचे दिवस बसले. भाव हमीभावाखाली गेला. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारांमधल्या करारांना सूट ठेवली होती, पण ती सूट नामपुलाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलीच नाही. तिथे भाव कोसळला आणि माल पडून राहिला.

पंतप्रधान कंपालात बाजारपेठ खुली ठेवण्याचे बोलत होते तेव्हा ही मर्यादा लागूच होती. ती उठली मे २०२१ मध्ये, डाळ पुन्हा महागल्यावर. तेव्हापासून आयात खुली आहे, मोझांबिकचा करार पुढे चालू राहिला, मलावीशीही वर्षाला ५० हजार टनांचा करार झाला. हे चांगलेच आहे. पण पुन्हा दोन चांगली वर्षे आली की काय होणार?

मी इथल्या तूर उत्पादकाच्या विरोधात बोलत नाही. लातूरच्या बाजारात परदेशी तुरीने भाव पडला की त्याच्या घरात काय होते ते मला दिसते. माझे म्हणणे आहे की धरसोड दोघांनाही मारते. आयात करायची तर पेरणीच्या आधी, तीन वर्षांचे आकडे बांधून करा. इथल्या शेतकऱ्याला जूनमध्ये कळू द्या की किती तूर बाहेरून येणार आहे आणि नामपुलाच्या शेतकऱ्याला त्याच्या पेरणीआधी कळू द्या की किती तूर घेतली जाणार आहे. करारात आकडा लिहिला असेल तर पीक जास्त आले म्हणून तो मागे घेता येऊ नये. मोठ्या देशाने लहान देशाला ‘पेरा, आम्ही घेऊ’ म्हणायचे आणि पीक हाताशी आल्यावर दार लावायचे, हे आपल्याशी कोणी केले असते तर आपण संयुक्त राष्ट्रांत जाऊन बोललो असतो.

काजूचे तर याहून जुने दुखणे आहे. साठच्या दशकात मोझांबिक हा काजूचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक होता आणि पुढे त्याने स्वतःचे प्रक्रिया कारखाने उभे केले. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेने कर्जासाठी अट घातली की कच्च्या काजूच्या निर्यातीवरचा कर कमी करा. कर कमी झाला, कच्ची बी बोटींतून भारतात आली, इथल्या कारखान्यांत फुटली आणि तिकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले. तिथल्या सुमारे दहा हजार कामगारांपैकी बहुतेकांचे काम गेले आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. नंतरच्या अभ्यासात दिसले की कच्च्या बियांना चांगला भाव मिळेल असे ज्या शेतकऱ्याला सांगितले गेले होते, त्याच्या घराला वर्षाला सरासरी साडेपाच डॉलरपेक्षा जास्त फायदा झाला नाही. अट जागतिक बँकेची होती हे खरे. पण त्या बियांचे गिऱ्हाईक आपण होतो.

आता आफ्रिकी देश ठरवून कारखाने काढू लागले आहेत. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच बंद केली. आयव्हरी कोस्टही प्रक्रिया वाढवतो आहे. त्यांना काजूगर विकायचा आहे आणि खाणारा सर्वांत मोठा बाजार आपला आहे. आपण जून २०१९ मध्ये, म्हणजे कंपालाच्या भाषणाला वर्ष व्हायच्या आत, अख्ख्या काजूगरासाठी किलोला ७२० रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली. त्याहून स्वस्त गर येऊच शकत नाही. बी आणा, पण फोडलेली आणू नका, हा याचा सरळ अर्थ. कोल्लमच्या आणि कोकणातल्या काजू कारखान्यांना वाचवण्यासाठी हे केले, हे मला समजते. सिंधुदुर्गातल्या लहान कारखानदाराची ओढाताण मी जवळून पाहिली आहे आणि त्याला संरक्षण हवेच. पण व्हिएतनामहून येणारा गर आणि बेनिनमधल्या नव्या कारखान्यातला गर यांना एकच नियम का? अल्पविकसित देशांसाठी आपली शुल्कमुक्त योजना २००८ पासून आहे. त्याच देशांच्या काजूगरासाठी मर्यादित प्रमाणात, ठरावीक कोट्याने दार उघडायला काय हरकत आहे? चीनने १ डिसेंबर २०२४ पासून, त्याच्याशी राजनैतिक संबंध असलेल्या सर्व अल्पविकसित देशांच्या संपूर्ण मालावरचे शुल्क शून्यावर आणले आहे. त्याच्याशी स्पर्धा करायचीच असेल तर ती इथे व्हावी.

डॉलरबद्दल थोडेच लिहिते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये, घानाने डिसेंबर २०२२ मध्ये आणि इथिओपियाने डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. तिन्ही देशांची चलने त्या काळात घसरत होती, म्हणजे डॉलरमधला हप्ता जड होत होता. आपण रुपयात व्यापार करण्याचा प्रयत्न जगभर करतो आहोत. मग भिलाईच्या धर्तीवर, कर्जाचा काही भाग रुपयात आणि परतफेड त्या देशाच्या मालाच्या रूपाने, असा एखादा करार करून पाहायला हरकत नसावी. तूर आणि काजूगर, दोन्ही आपल्याला हवेच आहेत.

चीन काही उघड करत नाही, मग आपणच हात का दाखवायचा, असे मला एका जुन्या सहकाऱ्यांनी विचारले. श्रीलंकेच्या वेळी आपण काय केले ते आठवा, असे मी त्यांना म्हटले. २०२२ च्या संकटात आपण सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली आणि नंतर जपान, फ्रान्स यांच्याबरोबर कर्ज देणाऱ्या देशांच्या समितीचे सहअध्यक्षपद घेऊन जून २०२४ मध्ये सर्वांसाठी एकच असा समझोता केला. चीनच्या एक्झिम बँकेने आपला व्यवहार वेगळा केला. त्या वेळी उघडपणे वागल्याने भारताचे काहीच बिघडले नाही. कोलंबोत आपला शब्द आज जास्त वजनाचा आहे.

आपलाच देश गरीब असताना परक्यांची काळजी कशाला, हेही ऐकू येते. करार प्रसिद्ध करायला एक रुपयाही लागत नाही. ७५ टक्क्यांची अट ५० वर आणली तर काही भारतीय कंपन्यांचा नफा कमी होईल, हे मान्य करायला हवे. पण उरलेला अर्धा हिस्सा तिथल्या सिमेंटवर, तिथल्या गवंड्यावर, तिथल्या वायरमनवर खर्च झाला तर यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस तिथेच असेल. राजस्थानात तिलोनियाला आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आलेल्या बायका सौर दिवे जोडायला शिकून परत गेल्या आहेत, तेही परदेशी प्रशिक्षणार्थींसाठीच्या आपल्याच आयटेक योजनेतून, जी १९६४ पासून चालू आहे. आपण जगाला जे काही दिले त्यात मला सर्वांत मोलाचे हे वाटते. कर्जाच्या प्रत्येक करारात असे प्रशिक्षण बंधनकारक कलम म्हणून का नसावे? वीजकेंद्र चालवायला तिथली किती माणसे किती वर्षांत तयार होतील, हे करारात आकड्यात लिहिलेले असावे आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्याला बांधलेला असावा.

करार खुले करण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे माहिती मागण्याचा हक्क भारतीय नागरिकाला आहे. मलावीचा शेतकरी किंवा इथिओपियाचा पशुपालक एक्झिम बँकेकडे अर्ज करू शकत नाही, जरी कर्ज त्याच्या नावावर असले तरी. आपण अर्ज केला तर कलम ८ मधल्या परराष्ट्र संबंधांच्या अपवादावर बोट ठेवता येते. पण त्याच कायद्याचे कलम ४ म्हणते की सार्वजनिक संस्थेने माहिती कोणी मागायची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावी. या कलमाखाली, ज्या देशाशी करार झाला त्याची संमती घेऊन, पुढील गोष्टी संकेतस्थळावर ठेवाव्यात अशी माझी विनंती आहे: कर्जाची रक्कम, व्याज, मुदत, तारण असल्यास ते, वादाचा निवाडा कुठे होणार ते, कंत्राटदाराचे नाव, निविदा किती आल्या ते, आणि काम पूर्ण व्हायची तारीख. इंग्रजीबरोबर त्या देशाच्या भाषेतही, म्हणजे मोझांबिकसाठी पोर्तुगीजमध्ये, सेनेगलसाठी फ्रेंचमध्ये. एखाद्या सरकारने संमती नाकारली तर तसे त्या नोंदीपुढे लिहावे, म्हणजे तिथल्या लोकांना कळेल की कागद कोणी अडवला.

सुरुवात एकाच करारापासून करायची असेल तर घानाच्या टेमा-म्पाकादान मार्गापासून करावी असे मी सुचवते. काम झालेले आहे, लपवण्यासारखे काही नसावे. त्यानंतर टेंडाहोचा करार, कारण तिथल्या लोकांना उशिराचा हिशेब कळणे बाकी आहे. आणि तुरीच्या पुढच्या तीन वर्षांच्या आयातीचे आकडे येत्या खरीप पेरणीच्या आधी, नांदेडच्या आणि नामपुलाच्या शेतकऱ्याला एकाच दिवशी कळतील असे जाहीर करावेत.

या पत्राची प्रत मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांनाही पाठवत आहे. परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय समितीपुढे हा विषय त्यांनी मांडावा अशी त्यांना विनंती केली आहे. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहीन.

आपली विश्वासू,
बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेली एक नागरिक